ऑनलाइन वर्गात कोरकू बोलायला लावताना

मेळघाटात सेवेसाठी येणाऱ्या परिचारिका व शिक्षकांसाठी आम्ही कोरकूचा ऑनलाइन वर्ग घेतो. धारणी-चिखलदऱ्याकडील कोरकू बांधवांची ही भाषा मराठीची बोली नव्हे. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. त्यामुळे मराठीवरून अंदाज बांधता येत नाही. आणि तापाने फणफणलेल्या बाळाची आई काही सांगत असेल, तेव्हा तिसऱ्याने केलेले अर्धेमुर्धे भाषांतर पुरत नाही.

मोबाइलवरच्या वर्गाची अडचण अशी की विद्यार्थी मान डोलावतो, कॅमेरा बंद करतो आणि नुसता श्रोता होऊन बसतो. म्हणून आम्ही वर्गात 8 जणच घेतो आणि वेळ 40 मिनिटांचीच ठेवतो. शिकवणाऱ्या ताई स्वतः कोरकू, गावातूनच बोलतात. त्या कोरकूत सांगतात, मीठ आणा, तांब्या दाखवा. विद्यार्थी उठून वस्तू आणतो आणि मग पुढच्याला तसेच काही आणायला सांगतो. बोलल्याशिवाय खेळ सरकतच नाही. नंतर एक जण आई होतो, दुसरा परिचारिका. ताप कधीपासून? बाळ पाणी पिते का? तीच वाक्ये, प्रत्येकाच्या तोंडी बसेपर्यंत.

व्याकरण येते, पण गरजेपुरते. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कोरकू' म्हणजे माणसे. दोघांसाठी वेगळे द्विवचन आहे. तिथे सगळेच अडखळतात. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मात्र मराठीसारखाच कोरकूतही आहे आणि त्यावर ताई बराच वेळ देतात. 'बाळाला आपण दवाखान्यात नेऊ' म्हटले की आई सोबत येते. 'आम्ही नेऊ' म्हटले की ती मागे राहते.

नेटवर्क जातेच. मग ताई व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवतात, उत्तरही बोलूनच द्यायचे. लिहिलेले चालत नाही, कारण कागदावर उच्चार मराठी वळणाने जातात. चुका त्या एकेकट्याला कळवतात. मोठ्या माणसांना चारचौघांत चुकण्याची लाज फार. (पेन्टेकॉस्टच्या दिवशी शिष्यांना परक्या भाषा आपोआप बोलता आल्या. आम्हाला गृहपाठ करावा लागतो!)

ताईंना मानधन व रिचार्जचा खर्च आम्ही देतो. पुढच्या तुकडीसाठी चालू स्थितीतला एखादा जुना स्मार्टफोन कोणाकडे असल्यास कृपया कळवावे.