हृदय व लघ्वंत्र यांची चिनी वैद्यकांतील जोडी

चिनी वैद्यकांत हृदय व लघ्वंत्र यांची जोडी मानिली आहे. 'ह्वांगदी नेइजिंग' ग्रंथांत हृदय हा राजा, तर लघ्वंत्र हें अन्न स्वीकारून त्याचें रूपांतर करणारा अधिकारी होय. हृदयाची वाहिनी करंगळीपर्यंत येते. तेथूनच लघ्वंत्राची निघून खांद्यावरून हृदयास मिळते. म्हणून जिभेवर फोड येऊन लघवी लाल झाली, तर हृदयाचा दाह लघ्वंत्रांत उतरला असें वैद्य समजतात.

ही जोडी मूळचीच काय? इ. स. १९७३ त हूनान प्रांतीं मावांगदुइ येथें, इ. स. पूर्वीं १६८ त बंद झालेल्या थडग्यांत, रेशमावरील वैद्यकीय लेख सांपडले. त्यांत वाहिन्या बारा नसून अकराच आहेत. एका लेखांत, पुढें लघ्वंत्राची ठरलेली वाहिनी 'खांद्याची वाहिनी' या नांवानेंच येते. ती कानामागून निघून हाताच्या पाठीवर उतरते. तेथें ना हृदय, ना आंतडें.

यावरून वाहिनीचा मार्ग आधीं व अवयवांची जोडी मागाहून, असें आम्हांस वाटतें. पुढील नकलांत ही पायरी पुसली गेली होती. ती जीर्ण रेशमानें दाखविली. संग्राहकांनीं फाटकें पानही टाकूं नये, तें याचसाठीं.