एका खोलीचे भाडे

इसवी सन १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी बंदरालगतच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि १८९८ साली शहराच्या आरोग्यासाठी म्हणून ‘इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ अस्तित्वात आला. ट्रस्टने प्रशस्त रस्ते काढले, नागपाड्यातील कोंदट इमारती जमीनदोस्त केल्या, दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर वसाहतीची आखणी केली. परंतु ज्यांची घरे पाडली गेली ते हमाल आणि गिरणीकामगार पोटापाण्याच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नसल्यामुळे बहुधा शेजारच्याच चाळींत अधिक दाटीने शिरले. गरिबाच्या वस्तीचा रोग हटवावयाचा, मात्र त्याच्या मिळकतीचा विचार करावयाचा नाही, ही मुंबईच्या नगररचनेतील उणीव तेव्हापासूनची आहे.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे बीडीडी चाळी. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दीत, १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) कामगारांसाठी पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प सोडला, त्यासाठी कर्ज उभारले, शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सिमेंट-काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या केल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, मधून जाणारा अंधारा बोळ, सामाईक संडास, आणि एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फूट. बांधकाम भक्कम होते, यात वाद नाही. शंभर वर्षांनी त्याच भिंती त्याची साक्ष देतात. परंतु संकल्पाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शावरच काम थांबले, आणि जे गाळे तयार झाले त्यांतही, निवाऱ्यासाठी तळमळणाऱ्या त्या शहरात, पुष्कळ वर्षे कुलपे लटकत राहिली. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तर वरळीच्या काही चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला.

याचे कारण कामगाराच्या महिन्याच्या हिशेबात शोधावे लागते. खात्याने भाडे घटविले तरी ते त्याला झेपेना. ते झेपावे म्हणून खोलीत पोटभाडेकरू घ्यावा, तर ज्या दाटीतून सुटण्यासाठी नवी चाळ, तीच दाटी पुन्हा पदरी येई. शिवाय जुन्या मोहल्ल्यातला वाणी उधारी देई, खाणावळवाली बाई पगार होईपर्यंत थांबे, कामावर घेणारा मुकादम जवळच राही. वरळीच्या एकाकी टोकाला बाजार नाही, दवाखाना नाही, गिरणी लांब. घर बदलताना माणूस आपली पतही मागे सोडीत होता, आणि या पतीचा रकाना कोणत्याही दफ्तरात नव्हता.

१९२१ च्या सुमारास मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर जात आणि ते जन्म मुंबईत नोंदले जात नसत, म्हणून हा आकडा काहीसा फुगलेला आहे. तरीही एका खोलीत राहणाऱ्यांचा मृत्युदर इतरांहून फार अधिक होता हे निर्विवाद. अशा वस्तीतील रात्रशाळा आणि वाचनालये हे काम नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था वर्गणीच्या बळावर करीत होत्या. सरकारने भिंती बांधाव्यात आणि त्या भिंतींआडचे जीवन परोपकारावर सोडावे, ही वाटणी मला अन्याय्य वाटते. ती थोडीफार बदलली ती १९२९ च्या प्रसूती-लाभ कायद्याने, ज्याचा पुरस्कार कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी केला होता. परळच्या पोयबावडीतील ट्रस्टच्या चाळीत त्यांनी अनेक वर्षे काढली होती.

त्याच दशकात व्हिएन्ना नगरपालिकेने निराळा मार्ग धरला. १९२३ साली तिने चढत्या श्रेणीचा गृहनिर्माण कर लावला, ज्याचा मोठा भार आलिशान घरांवर पडला. या उत्पन्नातून साठ हजारांहून अधिक घरे बांधली, आणि बांधकामाचा खर्च भाडेकरूकडून वसूल न केल्यामुळे भाडे कामगाराच्या मिळकतीच्या चार टक्क्यांच्या आसपास राहिले. कार्ल मार्क्स होफसारख्या वसाहतीत बालवाडी, धुलाईघर, वाचनालय आणि दवाखाना ही मूळ नकाशातच होती, तर युलियस टांडलर यांच्या खात्याने मातेची आणि मुलाची काळजी हे पालिकेचे कर्तव्य मानले. १९३४ च्या यादवीत ही राजवट तोफांनी संपली. घरे मात्र राहिली, आणि आजही नगरपालिका त्यांची मालक आहे.

मुंबईत आता म्हाडाच्या हाती बीडीडी चाळींचा पुनर्विकास आहे. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर रहिवाशाला विनामूल्य मिळणार, आणि चार पिढ्या एका खोलीत काढलेल्या कुटुंबाला ते मिळालेच पाहिजे. परंतु उंच मनोऱ्यातील उद्वाहक, पाण्याचे पंप, रखवाली यांचा मासिक खर्च हेही एक भाडेच आहे, जे मालकी हक्काच्या कागदावर लिहिलेले नसते. विधवा निवृत्तिवेतनावर जगणारी आजी किंवा घरच्या घरी डबे करून देणारी बाई ते कशातून भरणार, हे चटईक्षेत्राचा हिशेब मांडतानाच ठरले पाहिजे, आणि पाळणाघर व दवाखाना यांची जागा विक्रीच्या गाळ्यांआधी नकाशावर दाखविली पाहिजे.