ट्यूबलाईटचं ऊन लागतं का?

उन्हात जायचं तर सनस्क्रीन, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण हल्ली कॉस्मेटिक्सच्या काउंटरवर ‘ब्लू लाईट प्रोटेक्शन’ लिहिलेल्या ट्यूबाही दिसतात. सेल्सगर्ल गोड आवाजात विचारते, “मॅम, ऑफिसमध्ये किती तास असता?” नऊ म्हटलं, की तिचा चेहरा असा पडतो, जणू आपण नऊ तास भर उन्हात शेत नांगरतोय! घरातल्या नि ऑफिसातल्या दिव्यांनी त्वचेला खरंच काही होतं का? म्हटलं, एकदा छडा लावूच.

आधी साधा हिशोब. उजेड मोजतात ‘लक्स’मध्ये. ऑफिसच्या टेबलावर तो साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. दुपारच्या रखरखीत उन्हात हाच आकडा १ लाखाच्या आसपास जातो. म्हणजे डोक्यावरचा दिवा कितीही लख्ख वाटो, सूर्यापुढे तो काजवाच!

शिवाय त्वचा भाजते आणि रापते ती मुख्यतः अतिनील किरणांनी. आपल्या पांढऱ्या एलईडी बल्बमध्ये निळ्या प्रकाशावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड बनवतात. त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. ट्यूबलाईट आणि सीएफएलची गंमत मात्र वेगळी. त्यांच्या नळीतला पारा आधी अतिनील किरणच सोडतो. काचेच्या आतल्या पांढऱ्या थरामुळे त्यांचा उजेड होतो आणि उरलेसुरले बहुतेक किरण काच अडवते. हा थर तडकला, की थोडे किरण बाहेर निसटतात. सीएफएलच्या वेटोळ्यांत असे तडे सापडल्याचं २०१२ साली अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं होतं. त्याआधी २००८ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनं सल्ला दिला होता, की उघडा सीएफएल ३० सेंटीमीटरपेक्षा जवळ घेऊन दिवसाला तासाभराहून जास्त बसू नका. छतावरच्या दिव्याची चिंता नको, प्रश्न नाकाजवळच्या टेबललॅम्पचा होता.

हे झालं तुमच्या-माझ्यासारख्यांचं. पण माझ्या आधीच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला ल्युपस होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि अनेकांना अतिनील किरण अजिबात सोसत नाहीत. तिच्या क्युबिकलवर अगदी खाली लोंबणारा उघडा सीएफएल होता. तिनं जागा बदलून मागितली, तर उत्तर आलं, “अहो मॅडम, लाईटनं कोणाला काय होतंय?” एसीत फुल बाह्या आणि स्कार्फ घालून बसते म्हणून तिची टिंगलही झाली. शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी आणल्यावर दिवा बदलला, झाकणही बसलं. तिची औषधं काही सुटली नाहीत, पण दिव्याखाली बसायची धास्ती तरी गेली. अशी माणसं कमी असली, तरी काल्पनिक नाहीत. युरोपियन युनियनच्या तज्ज्ञ समितीनं २००८ मध्ये अंदाज दिला होता, की एकट्या युरोपियन युनियनमध्ये अशा दिव्यांचा त्रास होऊ शकेल असे सुमारे अडीच लाख लोक असावेत.

मग बाकीच्यांनी बिनधास्त राहायचं? थांबा, खिडकी राहिली! साधी काच युव्हीबी किरण अडवते, पण युव्हीए बरेचसे आत सोडते. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी भरली होती, उजवी मात्र कितीतरी तरुण. ऑफिसातली ‘विंडो सीट’ भांडून मिळवली असेल, तर हे लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट खास आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीव्र दृश्य प्रकाशानं सावळी त्वचा काळवंडली आणि ते डाग टिकले. गोऱ्या त्वचेवर तसं झालं नाही. म्हणून वांग असलेल्यांना त्वचातज्ज्ञ बऱ्याचदा आयर्न ऑक्साईड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन सुचवतात. पण हा दृश्य प्रकाशही आपल्याला प्रामुख्यानं सूर्याकडूनच मिळतो. मोबाईल आणि लॅपटॉपचा उजेड त्यामानानं फारच मंद. रात्री तो झोप उडवेल, रंग नाही!

तेव्हा मंडळी, एवढं करा:

• टेबललॅम्पमध्ये जुना सीएफएल असेल तर एलईडी लावा. हॅलोजन असेल तर त्याची काच काढू नका.

• खिडकीजवळ किंवा गाडीत तासन् तास बसत असाल, तर सनस्क्रीन लावा नाहीतर पडदा ओढा.

• डॉक्सीसायक्लीनसारख्या काही गोळ्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. नवं औषध सुरू करताना डॉक्टरांना विचारा.

• ऑफिसात चेहरा ओढल्यासारखा, कोरडा वाटतो? दिव्यापेक्षा एसीवर संशय घ्या आणि मॉइश्चरायझर लावा.

• दिव्याखाली वारंवार पुरळ उठत असेल, तर महागडी क्रीम घेण्याआधी त्वचातज्ज्ञ गाठा.

आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या कुणी म्हटलं, “मला हा लाईट सोसत नाही,” तर हसू नका. उठून एक बटण बंद करायला आपलं काय जातं?