ठसका : एका घरगुती गिटार-पेडलची घडण

स्नेहसंमेलनात इलेक्ट्रिक गिटार वाजू लागली की पुढच्या रांगेतील गुरुजन कपाळाला आठ्या घालतात आणि मागच्या रांगा शिट्ट्या मारतात. या मतभेदाचे मूळ गिटारमध्ये नसते. ते वादकाच्या पायाशी पडलेल्या एका डबीत असते. तिला पेडल म्हणतात. गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती वीज ॲम्प्लिफायरकडे जाण्यापूर्वी पेडलमधून जाते आणि तिथे तिचे रूप पालटते. आवाज फाटका, खरखरीत करणाऱ्या पेडलला फझ किंवा डिस्टॉर्शन म्हणतात. नावाजलेल्या कंपनीचे पेडल घ्यायचे तर काही हजार रुपये मोजावे लागतात. घरी केले तर सर्वांत महाग पडतो तो पायाने दाबायचा स्विच. आवाज फाडणारी आयसी चहाच्या एक-दोन कपांच्या पैशांत येते.

चांगला सूर बिघडवायचा कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. याचे उत्तर आपल्यापासून पन्नासएक किलोमीटरवर, मिरजेत आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा घासून असा किंचित उतरता करतो, की कंप पावणारी तार त्याला पुन्हा पुन्हा चाटून जावी. तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो नेमकी जागा शोधतो. ही जवारी. ती नसेल तर तंबोरा नुसता 'टण्' करून गप्प बसतो; ती लागली की मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर झणझणू लागतात. म्हणजे तारेला मुद्दाम अडथळा करूनच स्वर भरीव होतो. फझ हेच काम विजेने करते, एवढेच. (जवारीशी बरोबरी करणे हा अधर्म आहे असे कुणाला वाटल्यास माझी तक्रार नाही.)

पाश्चात्त्यांना मात्र ही गोष्ट अपघाताने सापडली. मार्टी रॉबिन्सच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात यंत्राच्या बिघाडाने ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा आवाज फाटला आणि तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो आवाज मुद्दाम काढणारे मंडल रचले. त्यातूनच १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'ने ते जगभर पोचवले.

आता डबीच्या आत काय असते ते पाहू. आयसी ७४१ ही गिटारची वीज सुमारे दोनशे पट वाढवू शकते. गिटारकडून व्होल्टचा दहावा हिस्सा आला असे धरले, तर हिशेबाने २० व्होल्ट व्हायला हवेत. पण बॅटरी ९ व्होल्टची! लाटेचा माथा छताला आपटतो आणि सपाट होतो. पुढे दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास वाट मोकळी करतो, त्यामुळे त्याहून उंच असलेले सारे छाटले जाते. ही छाटणी म्हणजेच फझ. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झवर असते. लाट छाटली की तिचे ३३०, ५५०, ७७० असे विषम पटीतले उपस्वर जोर धरतात. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले तर सम पटीतलेही येतात आणि आवाज जरा गोलसर होतो. डायोडच्या जागी लाल एलईडी लावून पाहावा. तो दीड-पावणेदोन व्होल्टपर्यंत दम धरतो. आवाज मोठा आणि मोकळा येतो. मला तोच आवडतो.

एक गंमत सांगण्याजोगी आहे. फझ लावून सहाही तारा एकदम छेडल्या तर नुसता गोंधळ माजतो, कारण स्वर एकमेकांत मिसळून भलतेच स्वर तयार होतात. स्वच्छ वाजते ती मूळ स्वर आणि त्याचा पाचवा यांची जोडी. रॉकवाले तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. आपल्याकडे तिला षड्ज-पंचम म्हणतात आणि तंबोरा त्यातच लावतात.

डबी धातूचीच हवी. प्लॅस्टिकच्या डबीत घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण शिरते. वायरमन भिंतीत बसवतात तो पत्र्याचा चौकोनी बॉक्स उत्तम. माझे वडील शिवाजी उद्यमनगरात पत्र्याच्या कामाला आहेत. शिकलेल्या मुलाने हात काळे करू नयेत असे त्यांचे मत. तरी बॉक्सची भोके आणि कडा त्यांनीच कानसून दिल्या. मी त्यांना बाबूराव पेंटरांचे उदाहरण दिले. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कोल्हापूरकराने आनंदराव पेंटरांबरोबर कॅमेरा घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला आणि त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. वडील म्हणाले, "त्यांना बी.ए.ची फी भरायची नव्हती."

रंगकाम शेवटी करावे असे वाटते, पण आधी करावे. सोल्डरिंग झाल्यावर रंग दिला की तो स्विचमध्ये शिरतो. पॉलिश पेपर, प्रायमर, मग ऑइलपेंटचे दोन पातळ हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस ऊन. डबीच्या आत, जिथे जॅक टेकतो तिथला पत्रा उघडाच ठेवावा, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. अक्षरे मी रेडियमवाल्याकडून कापून घेतली. ट्रॅक्टरच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहितात तीच पिवळी, तिरपी धाटणी. बटणांना 'गेन' आणि 'व्हॉल्यूम' न लिहिता 'तिखट' आणि 'आवाज' लिहिले. पेडलचे नाव 'ठसका'. अंधाऱ्या रंगमंचावर वाकून पाहणाऱ्याला कोणते बटण कशाचे हे चटकन कळावे, एवढाच सजावटीचा खरा हेतू, बाकी हौस. बॅटरीवरच काम भागते, म्हणून नवशिक्यांनी घरातल्या विजेच्या वाटेला जाऊ नये.

पेडलला समोर गिटार आहे की आणखी काही, हे कळत नाही. मिरवणुकीतला आपला बेंजो हा मुळात जपानी. गोरो मोरिता यांनी १९१२ साली नागोयात केलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. त्यालाही पिकअप बसवलेला असतो. आमच्या गल्लीतल्या पार्टीने 'ठसका' बेंजोला लावून पाहिला आणि 'तिखट' पूर्ण फिरवले. आता गणपती झाल्याखेरीज तो परत मिळेल असे दिसत नाही. दुसऱ्यासाठी बॉक्स आणला आहे.