दुसरे विमान कोणते घ्यावे?



चवथीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीतला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. हातात रिमोटवर उडणाऱ्या एका लढाऊ विमानाचे रंगीत चित्र. म्हणाला, "सर, पहिले विमान आता मला चांगले उडवता येते. चवथीला मिळालेले पैसे साठवले आहेत. पपा म्हणतात, आधी सरांना विचार, मग घे. हे घेऊ?"

मी लगेच हो म्हटले नाही. त्याला दोन प्रश्न दिले. पहिला, हे विमान तू कुठे उडवणार? दुसरा, पहिल्या विमानाने तुला काय शिकवले आणि काय शिकवायचे राहिले? आपल्या शाळेतल्या बऱ्याच मुलांकडे आता विजेवर चालणारी छोटी विमाने आली आहेत आणि हाच प्रश्न इतर घरांतही विचारला जातो. म्हणून त्याला दिलेले उत्तर सर्वांसाठी इथे लिहीत आहे.

आधी जागा, मग विमान

आपला तालुका आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मोपाच्या सड्यावरच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने ये-जा करू लागली. त्यामुळे आपल्या डोक्यावरचे आकाश आता मोकळे मैदान नाही.

केंद्र सरकारचे 'ड्रोन नियम २०२१' रिमोटवर उडणाऱ्या विमानांनाही लागू आहेत. या नियमांत आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग केले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत उडवता येते. पिवळ्या भागात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवताच येत नाही. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंतचे आकाश हिरवे असते. ८ किलोमीटरच्या आत तेवढीही मोकळीक धरून चालू नये.

पेडणे शहर मोपापासून थेट रेषेत ८ किलोमीटरच्या आत येते. आपल्या शाळेचे मैदानही त्यातच आले. म्हणून स्पष्ट सांगतो, परवानगीशिवाय शाळेच्या मैदानावर किंवा घरामागच्या मळ्यात विमान उडवू नये. "आमचे विमान लहान आहे" हे कारण चालणार नाही. वजन २५० ग्रॅमपेक्षा कमी असले तरी आकाशाचे हे विभाग त्यालाही लागू आहेत. उतरण्याच्या वाटेवर असलेल्या प्रवासी विमानाच्या वैमानिकाला आपले विमान दिसणारही नाही.

मग उडवायचे कुठे? पालकांनी सरकारी ड्रोन नकाशावर जागा पाहून ठरवावे. डिचोली शहर मोपापासून १२ किलोमीटरपेक्षा बरेच दूर आहे. त्या बाजूला कापणी झालेले एखादे शेत मालकाला विचारून, विजेच्या तारा आणि वस्ती टाळून निवडता येईल. किनारा मोकळा दिसतो, पण वाळू आणि खारे पाणी मोटारीचे शत्रू आहेत. शिवाय केरी-हरमलच्या डोंगरावरून माणसे पॅराग्लायडिंग करतात आणि मोरजीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. ती ठिकाणे आपली नव्हेत.

जागा ठरली की विमानही निम्मे ठरते. जागा दूर असेल तर महिन्यातून एखाद-दोन वेळाच उडवायला मिळेल. अशा वेळी पहिल्याच फेरीत मोडणारे विमान घेऊन काय उपयोग?

पहिल्या विमानाने काय शिकवले?

शिकाऊ विमानाचे पंख बहुतेक वेळा धडाच्या वर असतात आणि दोन्ही टोके थोडी उचललेली असतात. समोरून पाहिले तर पसरट इंग्रजी 'व्ही' दिसतो. या रचनेमुळे विमान एका बाजूला कलले तर काठी सोडताच आपोआप सरळ होते. त्याला सहसा तीनच गोष्टी सांगता येतात. मोटारीचा वेग, शेपटीवरचा वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि डावी-उजवीकडे वळवणारा रडर.

म्हणजे आजवर निम्मे काम विमानच करत होते. मागे दोन छोटी चाके लावलेली सायकल असते ना, तशातला हा प्रकार.

दुसऱ्या विमानात ती छोटी चाके काढायची असतात. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना एलेरॉन म्हणतात. एक वर गेली की दुसरी खाली येते आणि विमान कलते. असे विमान जितके कलवाल तितकेच कललेले राहते. वळण संपले की उलट काठी देऊन तुम्हालाच ते सरळ करावे लागते. वळताना नाक खाली पडू नये म्हणून एलिव्हेटरही थोडा ओढून धरावा लागतो. दोन बोटांनी एकाच वेळी दोन कामे करायची, हाच दुसऱ्या विमानाचा धडा.

माझे सांगणे एवढेच आहे की दुसऱ्या विमानाने एकच नवी गोष्ट शिकवावी. एलेरॉन नवे, वेगही नवा, जड वजनही नवे असे सगळे एकदम आले की विमान जमिनीवर येते. हे मी अनुभवाने सांगतो. माझे स्वतःचे दुसरे विमान खालच्या पंखाचे लढाऊ मॉडेल होते. दिसायला फार देखणे. तिसऱ्या वळणावर मी वेग कमी केला, एका पंखाचा आधार सुटला आणि ते गिरकी घेत काजूच्या झाडात जाऊन बसले. संपूर्ण उड्डाण मिनिटभराचेही नव्हते. विमानात दोष नव्हता. माझा हात त्याच्यासाठी तयार नव्हता.

वजनाचे गणित

नववी-दहावीच्या मुलांनी हे गणित वहीत करून पाहावे. विमानाचे वजन भागिले पंखाचे क्षेत्रफळ याला पंखभार म्हणू. समजा दोन विमानांच्या पंखांचे क्षेत्रफळ २५ चौरस डेसिमीटर आहे. पहिल्याचे वजन ८०० ग्रॅम, दुसऱ्याचे १२०० ग्रॅम. पंखभार झाला अनुक्रमे ३२ आणि ४८ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर.

विमान हवेत टिकायला जो किमान वेग लागतो तो पंखभाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. इथे पंखभार दीडपट झाला, म्हणून किमान वेग सुमारे १.२२ पट झाला. म्हणजेच पंखाचा आकार सारखा असेल तर जड विमान २२ टक्के अधिक वेगाने उतरवावे लागेल. आणि आपटले तर? गतिज ऊर्जा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते. १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५. आपटण्याची ऊर्जा सव्वादोन पट! लढाऊ मॉडेलचे पंख लहान आणि निमुळते असतात, म्हणून हा हिशेब तिथे आणखी कडक होतो. दुकानात चित्र पाहण्याआधी वजन आणि पंखाचे क्षेत्रफळ विचारावे ते यासाठी.

मग कोणते घ्यावे?

आपल्याकडच्या मुलांसाठी मी हे सुचवेन. पंखांची लांबी एक ते सव्वा मीटर, एलेरॉन असलेले चार चॅनेलचे विमान. पंख धडाच्या वर किंवा मध्ये असावेत आणि जवळजवळ सरळ असावेत. साहित्य ई.पी.ओ. जातीचा फोम असावा. तो लवचिक असतो आणि चिकटवून पुन्हा उडवता येतो. साध्या थर्माकोलच्या विमानाला झटपट चिकटणारा सायनो गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतो. पंख, शेपटी, पंखा आणि चाकांचा सांगाडा सुटा मिळतो की नाही, हे आधीच विचारा. विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हा तर पहिला मोडणारा भाग. त्याचे दोन-तीन नग सोबतच घ्यावेत.

मोटार लावलेला ग्लायडरही चांगला शिक्षक आहे, पण तो वर वर जातो आणि वाऱ्यासोबत दूर सरकतो. मर्यादित उंचीत उडवायचे असताना तो आपल्याला तितकासा सोयीचा नाही.

हाताची आवड असेल तर तिसरा मार्ग आहे. फोमबोर्डचे विमान स्वतः कापून बनवा. मोटार, सर्वो आणि रिसीव्हर तेच ठेवून धड मोडले तर दुसरे धड करता येते. बनवताना विमान जितके समजते तितके तयार विमान उडवून समजत नाही. फक्त गुरुत्वमध्य जपा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश अंतरावर दोन बोटांवर विमान तोलून पाहा. शेपूट जड असलेले विमान सहसा पहिल्याच उड्डाणात जाते.

पालकांसाठी पैशाचा हिशेब

खोक्यावरची किंमत ही पूर्ण किंमत नसते. काही खोक्यांत सगळे असते, काहींत ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. पहिल्या विमानाचा ट्रान्समीटर चार किंवा अधिक चॅनेलचा असेल तर तोच वापरता येतो का, हे पाहावे. रिसीव्हर त्याच पद्धतीचा हवा. डाव्या काठीवर मोटारीचा वेग असण्याची सवय झाली असेल तर नवा ट्रान्समीटरही तसाच घ्यावा, नाहीतर बोटे गोंधळतात.

परदेशातून तयार विमान मागवण्याच्या भानगडीत पडू नये. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने पूर्ण तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांना सूट आहे. कस्टममध्ये खोके अडकले तर मुलाचे पैसे आणि सुट्टी दोन्ही जातात. देशातल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्यावे. २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणि २ किलोपर्यंतचे विमान 'मायक्रो' वर्गात येते. हौसेसाठी ते उडवायला वैमानिक परवाना लागत नाही. नोंदणीचा नियम मात्र वेगळा आहे, तो पालकांनी पाहून घ्यावा.

बॅटरीबद्दल विशेष विनंती. लिथियम पॉलिमर बॅटरी हे खेळणे नाही. एका सेलचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि तो ३ व्होल्टच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. २२०० एमएएच बॅटरी २.२ अँपिअरनेच चार्ज करावी, सेल समान भरणाऱ्या चार्जरवर. चार्जिंग लादीवर करावे, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नको. घरात मोठे माणूस जागे आणि जवळ असावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस असतो, विमान माळ्यावर जाते. त्याआधी बॅटरी प्रत्येक सेलला सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी. पूर्ण भरून किंवा रिकामी ठेवली तर चवथीपर्यंत ती निकामी झालेली असते.

तयारीची परीक्षा

पैसे देण्याआधी पहिल्याच विमानावर ही परीक्षा द्या.

१. दोन्ही दिशांनी इंग्रजी आठचा आकडा एकाच उंचीवर काढता येतो का?
२. विमान आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते, तेव्हा गोंधळ होत नाही ना? (खूण लक्षात ठेवा, जो पंख खाली झुकला त्याच बाजूला काठी न्या, जणू त्याला टेकू देत आहात.)
३. मोटार बंद करून ठरवलेल्या जागी दहापैकी आठ वेळा उतरता येते का?
४. मोडलेले विमान स्वतः दुरुस्त करून पुन्हा उडवले आहे का?

चारही उत्तरे 'हो' असतील तर दुसऱ्या विमानाची वेळ आली. एकही 'नाही' असेल तर पैसे राहू द्या, बॅटरी चार्ज करा आणि पहिलेच विमान घेऊन चला.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. मैदान उडवायला द्यावे असे मी म्हणत नाही, वर दिलेल्या कारणांमुळे ते योग्यही नाही. पण डिसेंबर-जानेवारीत एका रविवारी, समुद्रावरचा वारा सुटण्याआधी, सकाळी सातच्या सुमारास मुलांना पालकांसह डिचोलीच्या बाजूला नेता आले तर बरे होईल. जागामालकाची परवानगी आणि नकाशाची खात्री करण्याची जबाबदारी मी घेतो. मुलांना लपून उडवायला लावण्यापेक्षा नियमाने उडवायला शिकवणे बरे.

आठवीतल्या त्या मुलाने परीक्षा दिली. तिसऱ्या प्रश्नावर अडला, दहापैकी पाचच वेळा नीट उतरला. लढाऊ विमानाचे चित्र त्याने फेकले नाही, वहीत जपून ठेवले आहे. "सर, हे चौथे विमान," असे म्हणतो. सध्या तो फोमबोर्ड कापतो आहे. ज्यांना गुरुत्वमध्य तपासून घ्यायचा असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर विमान घेऊन प्रयोगशाळेत यावे. बॅटरी मात्र घरीच ठेवावी.