वेशीवरचा कोतवाल आणि चांदीपुरा

२०२४च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये मुलं दगावू लागली आणि ‘चांदीपुरा’ हे नाव पुन्हा पहिल्या पानावर आलं. बातम्या गुजरातच्या होत्या, विषाणू मात्र मूळचा विदर्भातला. १९६५ साली नागपुरात डेंगी-चिकुनगुन्याची साथ असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला. त्याला पसरवणारी वालुमाशी भिंतींच्या भेगांत राहते. मातीच्या, सारवलेल्या भिंतींची घरं यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी, केळापूर, झरी-जामणीकडच्या कोलाम पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, आजही दिसतात. यवतमाळकरांनी ही बातमी परराज्याची म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही.

सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी. अनेक मुलं पहिल्या ४८ तासांतच जातात. २००३ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ गेली. शरीराची एवढी मोठी संरक्षण यंत्रणा असते, ती या दोन दिवसांत करते तरी काय?

उत्तराचा एक धागा डेन्ड्रायटिक पेशींपाशी जातो. १८६८ साली बर्लिनमधल्या पाउल लांगरहान्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने त्वचेला सोन्याच्या क्षाराने रंगवलं, तेव्हा फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या चेतापेशी वाटल्या. चूक अगदी स्वाभाविक होती, आणि ती उलगडायला शंभराहून अधिक वर्षं लागली. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झान्विल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत अशाच फांद्यांच्या पेशी ओळखल्या. प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या पेशी त्या ह्याच, हे स्टाइनमन यांनी पुढे दाखवून दिलं.

ही पेशी म्हणजे गावचा कोतवाल. वेशीवर कोणी अनोळखी सापडला तर त्याच्याकडचा मुद्देमाल घेऊन तो तालुक्याला जातो. इथे तालुका म्हणजे लसिका ग्रंथी. तिथे तो तुकडा टी पेशींना दाखवला जातो, ओळख पटलेल्या पेशींची संख्या वाढते आणि मग फौज निघते. निरोगी मेंदूच्या गाभ्यात मात्र हा कोतवाल सहसा नसतो. तो असतो मेंदूच्या आवरणांत आणि मेंदूजल तयार करणाऱ्या जाळीत. आत पहारा देतात त्या मायक्रोग्लिया, ज्या भ्रूणावस्थेतच मेंदूत येऊन वसलेल्या असतात. आवरणांतून बाहेर जाणाऱ्या लसिकावाहिन्या तर २०१५ साली पुरत्या उजेडात आल्या.

चांदीपुराचा चुलतभाऊ म्हणजे गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा व्हीएसव्ही विषाणू. रॉकफेलरमध्येच कॅरेन बुलोक यांच्या गटाने २०१२ साली तो उंदरांच्या नाकावाटे दिला, तेव्हा मेंदूच्या गंधकंदात रक्तातून आलेल्या डेन्ड्रायटिक पेशी जमल्याचं दिसलं. संसर्ग झाला की कोतवाल आतही येतो. पण पहिल्यांदाच भेटलेल्या शत्रूविरुद्ध टी पेशींची फौज उभी राहायला आठवडाभर लागतो, आणि चांदीपुरा तेवढी सवड देत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की हा विषाणू चेतापेशींना आत्मनाशाच्या मार्गावर ढकलतो. मायक्रोग्लियांनी पेटवलेला दाह त्यात भर घालतो.

विदर्भासारख्या भागांत मोठ्या माणसांच्या रक्तात मात्र चांदीपुराविरुद्धची प्रतिपिंडं बऱ्याचदा सापडतात. कधीतरी साध्या तापात त्यांच्या कोतवालाला तालुका गाठायला वेळ मिळाला होता. म्हणून बळी जातात ती मुख्यतः पंधरा वर्षांखालची मुलं. अशा वेळी ‘इम्युनिटी वाढवा’ म्हणत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो भिंतीच्या भेगा लिंपण्याचा, कीटकनाशक फवारणीचा, आणि झटका आल्याबरोबर मूल यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात नेण्याचा.

चुलतभावाचं नशीब वेगळं निघालं. व्हीएसव्हीला माणसाळवून त्याच्यावर इबोलाची लस बेतली गेली आणि २०१९ साली तिला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली. चांदीपुराचा शोध लागून सुमारे सहा दशकं झाली, तरी त्यावर ना मान्यताप्राप्त लस आहे, ना खास औषध. उपचार म्हणून डॉक्टरांच्या हाती झटके थांबवणं, श्वास चालू ठेवणं आणि मेंदूची सूज उतरवणं, एवढंच आहे.