मुलाची पहिली गिटार आणि तिचे माप

लहान मुलासाठी पहिली गिटार घेताना अनेक घरांत पूर्ण आकाराचे आणि शक्य तितके स्वस्त वाद्य निवडले जाते, कारण मूल वाढत्या अंगाचे आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे वाद्य घेणे परवडणारे नाही, असा हिशेब त्यामागे असतो. वाढत्या अंगाचा सदरा बाह्या दुमडून घालता येतो. गिटारच्या बाबतीत तशी सोय नाही, आणि हाताला न पेलणाऱ्या वाद्यावर सुरुवात केलेले मूल काही महिन्यांत शिकणे सोडून देते, तेव्हा त्याच्यात चिकाटी नाही असा निष्कर्ष काढला जातो. हा त्या मुलावर अन्याय आहे, कारण पुष्कळदा उणीव त्याच्यात नसून वाद्यात असते.

गिटारचे माप ठरते ते तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीवरून, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचांच्या पट्टीपासून, जिला ‘नट’ म्हणतात, खाली पेटीवर बसवलेल्या घोडीपर्यंतच्या अंतरावरून. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आल्मेरिया येथील कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी घडवलेल्या वाद्यांच्या प्रभावाने ६५० मिलिमीटर ही लांबी क्लासिकल गिटारसाठी रूढ झाली, आणि ती प्रौढांच्या हाताला अनुसरून आहे. या लांबीच्या वाद्यावर पहिले चार पडदे, म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या, नटपासून सुमारे १३४ मिलिमीटर अंतरात सामावतात. ‘थ्री-फोर्थ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, साधारण ५८० मिलिमीटर लांबीच्या गिटारवर तेच अंतर सुमारे १२० मिलिमीटर, तर ५३५ मिलिमीटरच्या ‘हाफ’ गिटारवर ११० मिलिमीटर भरते. सुरुवातीचे जवळजवळ सर्व धडे याच चार पडद्यांत असल्यामुळे सुमारे दीड ते अडीच सेंटिमीटरांचा हा फरक आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांसाठी निर्णायक ठरतो. थ्री-फोर्थ किंवा हाफ ही नावे अपूर्णांकांच्या अर्थाने अचूक नाहीत, हेही या आकड्यांवरून दिसते, म्हणून दुकानात नावापेक्षा मिलिमीटर विचारणे अधिक शहाणपणाचे आहे. ढोबळमानाने पाच ते आठ वर्षांपर्यंत हाफ, आठ ते अकरापर्यंत थ्री-फोर्थ आणि त्यानंतर पूर्ण आकार असे सांगितले जाते. परंतु वयापेक्षा मुलाची उंची आणि हाताची लांबी महत्त्वाची असल्याने मुलाला सोबत नेल्याशिवाय ही खरेदी करूच नये. बसून वाद्य मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा वर न उचलता हात ध्वनिछिद्राजवळ पोहोचला आणि डावे कोपर किंचित वाकलेले असताना पहिल्या पडद्यावर बोट सहज पडले, तर माप योग्य आहे.

मापानंतरचा प्रश्न तारांचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत क्लासिकल गिटारला प्राण्यांच्या आतड्यांपासून केलेली तात लावत असत. युद्धकाळात तिचा तुटवडा पडल्यावर न्यूयॉर्कमधील अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि आंद्रेस सेगोविया यांच्यासारख्या थोर वादकाने त्या स्वीकारल्यामुळे त्या सर्वत्र पसरल्या. सहा नायलॉन तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो, तर पोलादी तारांच्या नेहमीच्या संचाचा तो ७० किलोपर्यंत जातो. तार जितकी ताणलेली, तितकी ती दाबायला जड. नायलॉनच्या गिटारची दांडी अधिक रुंद असते, पूर्ण आकारात सुमारे ५२ मिलिमीटर, ही लहान तळव्यासाठी खरी अडचण आहे. तरीही लहान मापांत ती रुंदी कमी होते आणि नाजूक बोटांना होणारा त्रास पाहता प्राथमिक शाळेतील मुलासाठी नायलॉनच उचित म्हणावे लागते. मात्र नायलॉनसाठी बनवलेल्या गिटारला पुढे हौसेने पोलादी तारा कधीही लावू नयेत, कारण त्या ताणाने घोडी उखडते किंवा दांडी वाकते.

दुकानात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते ‘ॲक्शन’कडे, म्हणजे तार आणि पडदा यांच्यातील उंचीकडे. नायलॉनच्या पूर्ण आकाराच्या वाद्यात बाराव्या पडद्यावर ती तीन-चार मिलिमीटर असावी. स्वस्त वाद्यांत ती पुष्कळदा याहून अधिक असते आणि मग योग्य मापाची गिटारही छळ करते. जाणकार कारागीर घोडीवरील पट्टी घासून ही उंची कमी करून देतो आणि या कामावर केलेला थोडा खर्च महागड्या नावावर केलेल्या खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडतो. त्याच वेळी बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वराच्या बरोबर वरच्या सप्तकातला आहे का, हे ट्यूनरवर तपासावे, कारण तो बेसूर असलेल्या वाद्यावर मुलाचा कानही चुकीचा घडतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक व मऊ असल्या, तरी वजन आणि ॲम्प्लिफायर यांमुळे ती थोड्या मोठ्या मुलासाठी ठीक. पाच वर्षांखालील मुलासाठी चार तारांचे उकुलेले अधिक सोयीचे.

महाराष्ट्रात हवामानाचाही विचार करावा लागतो. कोकणातील व मुंबईतील पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि ॲक्शन वाढते, तर विदर्भाच्या उन्हाळ्यात दांडी आकसून पडद्यांची टोके बोटांना टोचू लागतात. अखंड लाकडाच्या वरच्या फळीचा नाद सरस असला, तरी थर चिकटवून केलेली लॅमिनेटेड फळी हे बदल अधिक सोसते, म्हणून पहिल्या वाद्यासाठी तीच पत्करावी आणि ओलसर भिंत, थेट ऊन व उन्हात उभी मोटार यांपासून ते दूर ठेवावे.